बाथरूमची फरशी बदलताना कमोड काढावा की ठेवावा? पाइप झाकलेल्या कमोडची सगळी माहिती

पावसाळा सरला, दिवाळी जवळ आली की आपल्या भागात गवंडी आणि प्लंबर मिळणं मुश्कील होतं. चार महिने ओल धरलेल्या भिंती, उखडलेली फरशी, मोरीतून येणारा वास, ही सगळी कामं याच दिवसांत निघतात. त्यात बाथरूमची फरशी बदलण्याचं काम दिसायला लहान. पाच बाय सहाची खोली, दोन दिवसांत उरकेल असं वाटतं. पण अडतं ते कमोडपाशी. त्यातून कमोड पाइप झाकलेल्या पद्धतीचा असला तर गवंडी म्हणतो प्लंबरला बोलवा, प्लंबर म्हणतो आधी गवंड्याला फोडू दे, आणि शेवटी दोघं मिळून सांगतात, ‘साहेब, कमोड राहू दे, आम्ही त्याच्या भोवतीनं टाइल कापून बसवतो.’

आमच्या घरी सहा वर्षांपूर्वी असंच झालं आणि मी हो म्हणून बसलो. जुन्या फरशीवरच नवीन टाइल चढवली, कमोड होता तिथंच ठेवला. म्हणजे भोवतीची फरशी वर आली आणि कमोडचा पाया जुन्याच पातळीवर, खड्ड्यात राहिला. कडेला पांढरं सिमेंट भरून दिलं, दिसायला चकाचक. पुढं ते सिमेंट बारीक तडकलं. अंघोळीचं पाणी त्या चरीत साचायचं आणि हळूहळू खाली उतरायचं. दीड वर्षानं खालच्या भाडेकरूंच्या स्वयंपाकघराच्या छताला पिवळा डाग आला. वहिनींनी मला आत नेऊन वर बोट दाखवलं तेव्हा काय बोलावं कळेना. बरोबर चुलीच्या वर डाग, आणि वर आमचा संडास!

तेव्हा उत्तर आधीच सांगतो. कमोड जमिनीवर बसवलेला असेल तर फरशी बदलताना तो काढावाच. एक तासाचं काम वाचवायला जाऊन पुढं स्लॅब खराब होतो. कमोड भिंतीला टांगलेला असेल तर गोष्ट वेगळी आहे, ते पुढं येईल.

आधी आपला कमोड कोणता ते ओळखा

दुकानात ‘कन्सिल्ड’ हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींना लावतात आणि तिथंच घोटाळा होतो.

पहिला प्रकार जमिनीवर बसणारा. जुन्या कमोडला मागच्या बाजूला नळीचं वेटोळं दिसतं, पायाला चार स्क्रू दिसतात. या प्रकारात दोन्ही बाजूंनी गुळगुळीत भिंत थेट जमिनीपर्यंत आलेली असते. नळी आत झाकलेली, स्क्रूही दिसत नाहीत. पुसायला सोपा म्हणून गेल्या काही वर्षांत हाच जास्त खपतो. टाकी आणि भांडं एकसंध असलेले ‘वन पीस’ कमोड बहुतेक याच घडणीचे असतात.

दुसरा प्रकार भिंतीला टांगलेला. जमिनीला त्याचा स्पर्श नाही. फ्लशची टाकी भिंतीच्या आत लोखंडी फ्रेममध्ये असते, बाहेर फक्त दोन बटणांची प्लेट दिसते.

याशिवाय सांडपाणी बाहेर कुठून जातं ते बघायचं. खाली जमिनीत जात असेल तर एस ट्रॅप, मागं भिंतीत जात असेल तर पी ट्रॅप. एस ट्रॅपमध्ये तयार भिंतीपासून जमिनीतल्या पाइपच्या मध्यापर्यंतचं अंतर महत्त्वाचं. आपल्याकडं १०० मिमी, २२० ते २२५ मिमी आणि ३०० मिमी अशी मापं चालतात, म्हणजे साधारण ४, ९ आणि १२ इंच. ‘तयार भिंत’ म्हणजे टाइल लावून झालेली भिंत. भिंतीवर जुन्या टाइलवर नवीन टाइल चढवली तर हेच अंतर दीड-दोन सेंटीमीटरनं कमी होतं आणि काढलेला कमोड परत बसताना टाकी भिंतीला टेकते. फरशीबरोबर भिंतही करायची असेल तर टेप घेऊन हे माप आधी वहीत लिहून ठेवा.

काढण्याची रीत

सुरुवात अँगल कॉकपासून करायची, आणि तीही गवंडी यायच्या आदल्या दिवशी. टाकीला पाणी देणारा हा छोटा कॉक वर्षानुवर्षं कोणी फिरवलेला नसतो. बोअरचं पाणी वापरणाऱ्या घरांत तो क्षार धरून बसतो, फिरवला तर पूर्ण बंद होत नाही किंवा हातात येतो. कॉक बंद करून एकदा फ्लश करा. टाकी परत भरायला लागली तर कॉक गेला असं समजा. मग गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व बंद करूनच काम करावं लागेल आणि नवीन कॉक आणून ठेवावा लागेल.

पाणी बंद झालं की फ्लश करून टाकी रिकामी करायची. टाकीच्या तळाशी आणि भांड्यात तरी पाणी उरतंच. भांड्यातलं पाणी मुद्दामच ठेवलेलं असतं. साधारण ५० मिमी उंचीचा तो पाण्याचा पडदा गटाराचा वायू घरात येऊ देत नाही. मग मग्याने आणि फडक्यानं दोन्हीकडचं पाणी काढून घ्या. नाहीतर कमोड उचलताना ते अंगावर येतं, वेगळं सांगायला नको. हातमोजे हवेतच.

त्यानंतर कनेक्शन पाइप सोडवायचा. हा परत वापरू नका. नवीन पाइपची किंमत फार नाही आणि जुन्याचं रबर आतून कडक झालेलं असतं.

आता मुख्य भाग. पाया झाकलेल्या कमोडला स्क्रू कुठं असतात? दोन्ही बाजूंना, जमिनीपासून थोड्या उंचीवर, प्लास्टिकची किंवा स्टीलची टोपी दिसेल. ती नखानं किंवा पातळ पट्टीनं निघते. आत आडवा स्क्रू असतो आणि तो जमिनीला ठोकलेल्या काटकोनी क्लॅम्पमध्ये घुसलेला असतो. दोन्ही बाजूंचे आडवे स्क्रू काढले की कमोड सुटायला हवा. पण सुटत नाही! कारण बसवणाऱ्यानं कडेला पांढरं सिमेंट लावलेलं असतं, आणि बऱ्याच ठिकाणी तर आत पोकळीतही सिमेंटचा माल भरलेला असतो.

कडेला सिलिकॉन असेल तर कटरच्या पात्यानं सगळीकडून कापा, काम झालं. पांढरं सिमेंट असेल तर पातळ छिन्नी आणि हलकी हातोडी घेऊन टाइलच्या बाजूनं फोडायचं, चिनी मातीच्या बाजूनं नाही. टाइल तशीही जाणारच आहे. आतून माल भरलेला असेल तर कमोड शाबूत निघण्याची खात्री कोणीच देऊ नये. आमच्याकडं या खेपेला आलेले मिस्त्री मामा तसे स्पष्ट बोलणारे. त्यांनी आधीच सांगितलं, ‘सर, निघाला तर तुमचा, फुटला तर नवीन. मागनं मला बोलायचं नाही.’ असं आधी बोलून घेतलेलं बरं.

एकसंध कमोडचं वजन ३५ ते ५० किलो असतं. दोन माणसांनी दोन्ही बाजूंनी धरून आधी किंचित डावी-उजवीकडं हलवायचा, मग सरळ वर उचलायचा. पी ट्रॅप असेल तर आधी पुढं ओढायचा, कारण मागं तो पाइपात अडकलेला असतो. टाकीला धरून उचलू नका. ठेवताना खाली पोतं किंवा जुनी गादी घाला, आडवा पाडू नका. काढलेले स्क्रू, टोप्या, क्लॅम्प हे सगळं एका पिशवीत घालून पिशवी टाकीत ठेवा. कंपनीच्या टोप्या सुट्या मिळता मिळत नाहीत.

उघडा पाइप आणि दोरी

कमोड निघाला की जमिनीत ११० मिमीचा पाइप उघडा पडतो. तो लगेच बंद करायचा. एक म्हणजे वायू. त्यात हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन असतात, वास तर येतोच आणि बंद खोलीत तो आरोग्यालाही बरा नाही. दुसरं म्हणजे फोडकामाचा राडारोडा. टाइलचा एक तुकडा आत गेला तर तो वळणावर जाऊन बसतो आणि पुढं वर्षभर लाइन तुंबत राहते.

पाइपाच्या तोंडाला प्लास्टिकचं झाकण मिळतं, तेच सगळ्यात चांगलं. नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत फडकं गुंडाळून बोळा घालतात. त्या बोळ्याला दोरी बांधून दोरीचं दुसरं टोक बाहेर खिळ्याला बांधायचं. हे मी पैसे मोजून शिकलो आहे. पहिल्याच दिवशी मामांच्या हाताखालच्या पोरानं सिमेंटच्या पोत्याचा तुकडा तसाच कोंबला. संध्याकाळी बघतो तर तोंड उघडं आणि पोतं गायब. चेंबर उघडून बांबू घालून ते काढेपर्यंत रात्रीचे नऊ वाजले, तोवर घरातली सगळी शेजाऱ्यांकडं जाऊन आली.

फरशी फोडताना

जुन्या टाइलवर नवीन टाइल चिकटवायची की फोडून खालपासून करायची, हा निर्णय खर्चापेक्षा उंचीवर घ्यावा. टाइल आणि चिकटवणारा थर मिळून फरशी १५ ते २० मिमी वर येते. बाथरूमची पातळी बाहेरच्या खोलीपेक्षा खाली असायला हवी. चढवल्यावर ती बरोबरीला आली तर पाणी दाराबाहेर येणारच. शिवाय खाली गळती असेल तर वरून चढवण्यात काहीच अर्थ नाही. टाइल ही पाणी अडवणारी वस्तू नव्हे. व्हिट्रिफाइड टाइल स्वतः जेमतेम अर्धा टक्का पाणी शोषते हे खरं, पण पाणी जातं ते सांध्यांतून आणि पाइपांच्या कडेनं.

शहापूर, वडगाव, खानापूरच्या जुन्या घरांत अजून शहाबादी फरशी आहे. ती जाड असते, काढली की भरपूर उंची हाताशी येते. अशा ठिकाणी फोडूनच करा. गोव्यात आणि खानापूरच्या पश्चिमेकडं चिऱ्याच्या भिंती आहेत. चिरा पाणी पितो, तिथं भिंतीच्या खालच्या फूटभर भागालाही वॉटरप्रूफिंग चढवल्याशिवाय सोडू नये. हैदराबाद, बडोदा, इंदूरकडं जे फ्लॅटमध्ये राहतात त्यांनी सोसायटीला लेखी कळवून आणि खालच्या घरमालकाला सोबत घेऊनच फोडकाम काढावं. खालच्या छताचे फोटो आधीच काढून ठेवले तर नंतर वाद होत नाही.

फ्लॅटमध्ये बाथरूमचा स्लॅब बहुतेक वेळा खाली दाबलेला असतो. त्या खड्ड्यातून पाइप जातात आणि वर विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो. ब्रेकर मशीन लावायचं तर वरच्या टाइलपुरतंच. पाइपांजवळ छिन्नी-हातोडीच. पाइप उघडे पडले की टेप शेजारी ठेवून फोटो काढा. हे फोटो पुढं ड्रिल मारताना लागतात.

नहाणी ट्रॅपही याच वेळी बदलून घ्या. (देशभरचे प्लंबर हा शब्द वापरतात आणि तो आपल्या न्हाणीचाच सख्खा, याचं मला कायम कौतुक वाटतं.)

वॉटरप्रूफिंगमध्ये घाई नको

पाइप जिथं स्लॅबमधून जातो ती जागा आधी न आकसणाऱ्या ग्राउटनं भरायची. जमीन आणि भिंत मिळते त्या कोपऱ्यात सिमेंटची गोलाई करायची, कारण काटकोनात कोटिंग तडकतं. मग सिमेंट आणि पॉलिमर असं दोन भागांत येणारं कोटिंग, दोन हात, पहिला उभा आणि दुसरा आडवा. भिंतीवर किमान ३०० मिमीपर्यंत, अंघोळीच्या बाजूला त्याहून बरंच वर. कोटिंग सुकलं की नहाणीचं तोंड बंद करून दोन इंच पाणी भरायचं आणि ४८ तास ठेवायचं. भिंतीवर पेन्सिलनं पातळीची खूण करा. खाली जाऊन छत बघा.

हे दोन दिवस कोणालाच नको असतात. गवंड्याला दुसरी साइट असते, घरच्यांना संडास हवा असतो. मामांनीही विचारलं होतं, ‘एक रात्र ठेवून भागत नाही काय सर?’ मी नाही म्हटलं, आणि तेवढ्यात पहिल्या दिवशी पाणी खरंच बोटभर उतरलं. नहाणीच्या कडेला कोटिंग सुटलं होतं. परत दुरुस्ती, परत दोन दिवस. पण या खेपेला वहिनींचं छत कोरडं राहिलं.

टाइल बसवताना उतार बघा. नहाणीकडं दर मीटरला १० ते १२ मिमी पुरे होतो. टाइल चिकटवायला आयएस १५४७७ लिहिलेलं अ‍ॅडहेसिव्ह घ्या आणि दातेरी थापीनं पूर्ण पसरायला लावा. कोपऱ्यात चार आणि मध्ये एक असे गोळे ठेवून टाइल दाबण्याची सवय अजून गेलेली नाही. त्या गोळ्यांमधल्या पोकळीत पाणी साठतं आणि बरोबर कमोडच्या खालची टाइल वजनानं तडकते. घरात वयस्कर माणूस असेल तर चकचकीत टाइल घेऊ नका. खोक्यावर आर १०, आर ११ अशी खूण असते, आकडा जास्त तेवढी पकड जास्त.

हिशेब सोपा आहे. पाच बाय सहा म्हणजे ३० चौरस फूट. एक बाय एकच्या ३० टाइल, त्यावर कापण्यात जाणाऱ्या दहा टक्के धरून ३३. मी आणखी दोन जास्त घेऊन माळ्यावर ठेवल्या. तीच छटा पुढच्या वर्षी मिळत नाही. जमिनीतल्या पाइपाभोवतीची टाइल गोल कापायला लागते, त्यात एखादी फुटतेच.

परत बसवताना उंची जुळते का?

एस ट्रॅपमध्ये फरशीची पातळी वाढली असेल तर जमिनीतला पाइपही तेवढा वाढवून नवीन फरशीच्या बरोबरीला आणला पाहिजे. पाइप खाली राहिला तर फ्लशचं पाणी कनेक्टरच्या बाहेरून टाइलखाली जातं, आणि ते वर कधी दिसत नाही. पी ट्रॅपमध्ये उलटी अडचण होते. कमोड वर सरकतो पण भिंतीतला पाइप जागेवरच राहतो. थोडा फरक असेल तर तिरकं जोडणारा ऑफसेट कनेक्टर मिळतो. फरक जास्त असेल तर पाइपाचं काम काढावंच लागतं. रबरी कनेक्टर दोन्ही प्रकारांत नवीनच घ्यायचा.

क्लॅम्पसाठी ड्रिल मारताना आपण आत्ताच केलेलं वॉटरप्रूफिंग भोकतो आहोत हे लक्षात ठेवा. फोटोवरून पाइपाची जागा बघून मगच भोक पाडायचं, टाइल पार होईपर्यंत मशीनची ठोक बंद ठेवायची, आणि फिशर घालण्याआधी भोकात सिलिकॉन भरायचं. हे शेवटचं कोणी आपण होऊन करत नाही, उभं राहून करून घ्यावं लागतं.

कमोड बसला, पाणी सुरू झालं, तरी कडा लगेच भरू नका. आठ-दहा वेळा फ्लश करा, कडेनं वर्तमानपत्राचे तुकडे सरकवून ठेवा, रात्रभर राहू द्या. सकाळी कागद कोरडे असतील तरच सिलिकॉन लावा. काही प्लंबर मागची कड मोकळी ठेवा म्हणतात, गळती झाली तर बाहेर दिसावी म्हणून. परदेशातल्या कोरड्या बाथरूममध्ये ते चालतं. आपल्याकडं बादलीनं पाणी ओतून फरशी धुतात, मोकळ्या कडेतून तेच पाणी आत जाईल. माझं मत, सगळीकडून बंद करा, पण सिलिकॉननं. पांढरं सिमेंट लावलं की पुढच्या वेळी परत छिन्नी आली.

टांगलेला कमोड असेल तर

इथं फरशीसाठी कमोड काढण्याची सक्ती नाही. टाइल त्याच्या खालून सरकते. तरी काम करायला वाकावं लागतं आणि हातोडी लागून भांडं तडकू शकतं, म्हणून काढणं सोयीचं. बटणांची प्लेट वर उचलली की आत टाकी आणि पाण्याचा कॉक दिसतो, तो बंद करायचा. भांड्याच्या बाजूच्या टोप्या काढून दोन नट सोडवायचे, एकानं भांडं धरून ठेवायचं आणि सरळ पुढं ओढायचं. मागं दोन पाइप दिसतील, वरचा बारीक फ्लशचा आणि खालचा मोठा सांडपाण्याचा. दोन्हींची तोंडं बंद करा.

दोन गोष्टी सांभाळायच्या. फ्रेमचे पाय भिंतीच्या तळाशी जमिनीला बोल्टनं बांधलेले असतात. तिथला कोबा उकरू नका, फ्रेम हलली तर पूर्ण भिंत फोडावी लागते. दुसरं म्हणजे फ्रेम जागची हलत नसल्यामुळं फरशी २० मिमी वर आली की बसण्याची उंची तेवढीच कमी होते. साधारण ४०० मिमीची बैठक ३८० वर आली तर तरुणांना कळणारही नाही, पण गुडघेदुखीच्या माणसाला उठताना ती जाणवते. आमच्या आईसाठी म्हणून आम्ही जुनी फरशी पूर्ण काढूनच नवीन केली.

नवीन ग्राउट आठवडाभर तरी अ‍ॅसिडनं धुऊ देऊ नका. काम संपल्यावर सिमेंटचे डाग काढायला मिस्त्री अ‍ॅसिड मागतात, ते सांधे खातं. आणि अ‍ॅसिडवर ब्लीचिंग पावडर तर कधीच टाकू नका, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. ओला स्पंज आणि प्लास्टिकचा ब्रश, काम वाळायच्या आत केलं तर तेवढ्यानं निघतं.